फ्राम मोहीम

फ्राम मोहीम ही नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ व समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या नेतृत्वाखाली १८९३ ते १८९६ या काळात आर्क्टिक महासागरात पार पडलेली वैज्ञानिक सागरी मोहीम होय. यासाठी खास बांधलेले ‘फ्राम’ हे जहाज सायबीरियाच्या उत्तरेस मुद्दाम बर्फात अडकवून घ्यावे आणि वाहत्या बर्फाबरोबर ते ध्रुवप्रदेश ओलांडून ग्रीनलँडच्या बाजूस बाहेर पडू द्यावे, अशी मोहिमेची योजना होती. त्या काळी जहाज बर्फात अडकणे म्हणजे बहुधा त्याचा अंतच समजला जाई; नान्सेन यांनी त्या संकटालाच प्रवासाचे साधन बनवले.

मोहीम उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचली नाही. मात्र ध्रुवप्रदेश ओलांडून जाणारे बर्फाचे वहन प्रत्यक्ष अस्तित्वात आहे हे तिने सिद्ध केले, आर्क्टिक महासागराचा अंतर्भाग उथळ नसून अतिशय खोल आहे हे दाखवले आणि आधुनिक सागरविज्ञानातील काही मूलभूत कल्पनांना चालना दिली. मोहिमेतील तेराही सदस्य सुखरूप परतले.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात आर्क्टिक प्रदेशात गेलेल्या अनेक मोहिमांचा शेवट दुःखद झाला. १८४५ मध्ये ब्रिटनहून निघालेल्या जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेतील ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन्ही जहाजे बर्फात अडकली आणि त्यांवरील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. तरीही ध्रुवाभोवती बर्फमुक्त समुद्र असावा व योग्य मार्ग सापडल्यास जहाजाने तेथवर जाता येईल, अशी कल्पना बराच काळ टिकून होती. जर्मन भूगोलज्ञ आउगुस्ट पेटरमान हे या कल्पनेचे प्रमुख पुरस्कर्ते होते.

या कल्पनेच्या प्रभावाखाली ‘जॅनेट’ हे अमेरिकी जहाज जॉर्ज डी लाँग यांच्या नेतृत्वाखाली ८ जुलै १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेस गेल्यावर सप्टेंबरमध्ये हेराल्ड बेटाजवळ ते बर्फात अडकले. सुमारे २१ महिने बर्फाबरोबर वायव्येकडे वाहत गेल्यावर जून १८८१ मध्ये न्यू सायबीरियन बेटांच्या उत्तरेस बर्फाच्या दाबाने ते चिरडले जाऊन बुडाले. जहाजावरील ३३ जणांपैकी डी लाँग यांच्यासह २० जणांचा मृत्यू झाला. फ्राम मोहिमेची कल्पना ज्या पुराव्यावर उभी राहिली, तो याच दुर्घटनेतून मिळाला.

ध्रुवीय वहनाचा सिद्धान्त

जॅनेट बुडाल्यानंतर तीन वर्षांनी, जून १८८४ मध्ये, ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर यूलियानेहोप (आजचे काकोर्तोक) या वसाहतीजवळ बर्फावर वाहून आलेल्या काही वस्तू सापडल्या. त्यांत डी लाँग यांची स्वाक्षरी असलेली शिधासामग्रीची यादी आणि एका खलाशाचे नाव असलेली मेणकापडी विजार होती. या वस्तू सायबीरियाच्या उत्तरेकडून ध्रुवप्रदेश ओलांडून ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याने खाली आल्या असाव्यात, असा तर्क नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी त्याच वर्षी एका लेखात मांडला.

बर्गनच्या संग्रहालयात काम करणारे तरुण नान्सेन यांच्या वाचनात हा लेख आला. त्यांनी १८८२ मध्ये ‘वायकिंग’ या सीलच्या शिकारीच्या जहाजावरून ग्रीनलँडच्या पूर्वेकडील समुद्रात प्रवास केला होता आणि तेथील बर्फात अडकून पडण्याचा अनुभव घेतला होता. पुढे १८८८ मध्ये त्यांनी पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलँडचे हिमाच्छादित पठार पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवरून पार केले. हे पठार आरपार ओलांडणारी ती पहिली तुकडी होती. या काळात मोन यांच्या तर्काला बळ देणारे पुरावे त्यांनी एकत्र केले. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे होते :

• ग्रीनलँडच्या वृक्षहीन किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या लाकडात सायबीरियात वाढणाऱ्या वृक्षांचे ओंडके आढळत.
• अलास्कातील लोक वापरतात तशा बनावटीचे भाला फेकण्याचे एक लाकडी साधन ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर मिळाले होते.
• ग्रीनलँडनजीकच्या तरत्या बर्फावरील चिखलात बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ आढळणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या (डायाटम) जाती सापडल्या होत्या.
• जॅनेट बुडाल्यापासून तिच्या वस्तू सापडेपर्यंत सुमारे १,१०० दिवस लोटले होते. त्यावरून बर्फाच्या वेगाचा ढोबळ अंदाज बांधता येत होता.

लाकूड, चिखल आणि विजार जर हा प्रवास करू शकतात, तर पुरेसे मजबूत जहाजही तो करू शकेल, असा निष्कर्ष नान्सेन यांनी काढला.

योजना व तिला झालेला विरोध

नान्सेन यांनी आपली योजना फेब्रुवारी १८९० मध्ये नॉर्वेच्या भौगोलिक संस्थेपुढे मांडली. प्रवाहाच्या विरुद्ध झुंजण्याऐवजी प्रवाहाबरोबर जावे, हे तिचे सूत्र होते. लहान पण अतिशय भक्कम जहाज, मोजकी माणसे व पाच वर्षे पुरेल एवढे अन्न घेऊन निघावे, न्यू सायबीरियन बेटांच्या आसपास बर्फात शिरावे आणि पुढचे काम निसर्गावर सोपवावे, असे तिचे स्वरूप होते. ध्रुव हा गणिती बिंदू गाठणे हे आपले मुख्य उद्दिष्ट नसून त्याभोवतालच्या अज्ञात प्रदेशाचा अभ्यास हे आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले.

नोव्हेंबर १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीपुढे नान्सेन यांनी ही योजना सांगितली, तेव्हा आर्क्टिकचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या बहुतेक ज्येष्ठांनी तिच्याविषयी शंका व्यक्त केली. हिवाळ्यात बर्फाचा दाब सोसू शकेल असे कोणतेही जहाज बांधता येणार नाही, हा मुख्य आक्षेप होता. प्रवाहाचा पुरावा अपुरा आहे, ध्रुवाजवळ जमीन असल्यास जहाज कायमचे अडकेल आणि दीर्घ मुक्कामात स्कर्व्ही रोगाने माणसे दगावतील, असेही आक्षेप घेण्यात आले. अमेरिकेचे अ‍ॅडॉल्फस ग्रीली हे सर्वांत कठोर टीकाकार होते. त्यांच्या मते ही योजना तर्कविसंगत व आत्मघातकी होती. ग्रीली यांच्या १८८१–८४ च्या मोहिमेतील २५ जणांपैकी केवळ सहा जण वाचले होते. त्यामुळे त्यांच्या मताला वजन होते.

नॉर्वे त्या वेळी स्वीडनशी एका राजसत्तेखाली जोडलेला होता आणि स्वतंत्र राष्ट्रीय अस्मितेची भावना तेथे प्रबळ होत होती. नॉर्वेच्या संसदेने मोहिमेला एकूण २,८०,००० क्रोनरचे अनुदान दिले. राजे दुसरे ऑस्कर व अनेक खाजगी देणगीदारांनी आणखी भर घातली. एकूण खर्च सुमारे ४,४५,००० क्रोनर झाला.

जहाजाची बांधणी

जहाजाची रचना व बांधणी लार्विक येथील जहाजबांधणीतज्ज्ञ कॉलिन आर्चर यांनी केली. २६ ऑक्टोबर १८९२ रोजी नान्सेन यांच्या पत्नी एवा यांनी जहाजाचे ‘फ्राम’ असे नामकरण करून ते पाण्यात उतरवले. नॉर्वेजियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पुढे’ असा होतो.

बर्फाला टक्कर देण्यापेक्षा त्याच्या पकडीतून निसटणे, हे रचनेचे मूळ तत्त्व होते. यासाठी जहाजाचा तळ व बाजू गोलाकार ठेवण्यात आल्या. दोन्ही बाजूंनी बर्फाचा दाब आला की त्याला पकडीसाठी धार किंवा कोपरा मिळू नये व जहाज आपोआप वर उचलले जावे, अशी अपेक्षा होती. अर्धा नारळ बोटांच्या चिमटीत दाबला असता वर सटकतो, तशीच ही क्रिया होती. याची किंमतही मोजावी लागली : गोल तळामुळे उघड्या समुद्रात जहाज फार हेलकावे खात असे.

फ्रामची लांबी सुमारे ३९ मीटर व रुंदी सुमारे ११ मीटर होती. लांबीच्या मानाने ही रुंदी असाधारण होती. बाजूंची जाडी ६० ते ७० सेंटिमीटर होती. तीत ओकच्या लाकडाचे थर असून सर्वांत बाहेर ग्रीनहार्ट या अतिशय कठीण लाकडाचे आवरण होते. पुढील टोकाशी लाकडाची जाडी सुमारे सव्वा मीटर होती आणि आतून तुळया व तिरप्या आधारांचे जाळे उभारलेले होते. सुकाणू व पंखा हे बर्फात सर्वप्रथम मोडणारे भाग; ते खाचांमधून वर ओढून घेता येतील अशी सोय करण्यात आली होती. जहाजाला तीन डोलकाठ्या व शिडे होती आणि जोडीला २२० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन होते.

आधीच्या मोहिमांत राहण्याच्या खोल्यांच्या भिंतींवर दव साचून गोठत असे व ओलसरपणामुळे माणसे खचत. ते टाळण्यासाठी फ्रामच्या भिंतींत नमदा, बूच, रेनडिअरचे केस व लिनोलियम असे अनेक थर घालण्यात आले. दिव्यांसाठी डायनामो बसवला होता व तो फिरवण्यासाठी डेकवर पवनचक्की उभारता येत असे. त्यामुळे कोळसा न जाळता ध्रुवीय रात्रीत विजेचा प्रकाश मिळत असे.

मोहिमेतील सदस्य व सामग्री

मोहिमेत सहभागी होण्यासाठी अनेक देशांतून अर्ज आले. परंतु निवड केवळ नॉर्वेच्या नागरिकांचीच करण्यात आली. नान्सेन यांच्याव्यतिरिक्त पुढील बारा जण जहाजावर होते :

• ओटो स्वेर्द्रुप – जहाजाचे कप्तान. ग्रीनलँडच्या प्रवासातील नान्सेन यांचे सहकारी
• सिगुर्ड स्कॉट हान्सेन – हवामान, खगोल व चुंबकत्वविषयक निरीक्षणांचे प्रमुख
• हेन्रिक ब्लेसिंग – डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ
• थिओडोर याकोबसेन – दुय्यम अधिकारी
• आंतोन आमुंडसेन – मुख्य इंजिनचालक
• लार्स पेटर्सेन – दुय्यम इंजिनचालक
• अडोल्फ यूएल – स्वयंपाकी व कोठीप्रमुख
• बर्नहार्ड नोर्डाल – विद्युत व्यवस्थेचे प्रमुख
• ह्यालमार योहान्सेन – आगवाला
• पेडर हेन्ड्रिक्सेन – हार्पून चालवणारा खलाशी
• इव्हार मोगस्टाड – विविध कामांसाठीचा कारागीर
• बेर्न्ट बेन्ट्सेन – खलाशी

योहान्सेन हे निष्णात व्यायामपटू व सैन्याचे राखीव अधिकारी होते. दुसरी जागा शिल्लक नसल्याने त्यांनी आगवाल्याचे काम पत्करले. बेन्ट्सेन हे तर प्रवास सुरू झाल्यावर ट्रोम्सो बंदरात दाखल झाले.

अन्नाची निवड करताना स्कर्व्हीच्या धोक्याचा विशेष विचार झाला. या रोगाचे खरे कारण, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव, तोवर कोणालाही माहीत नव्हते. तथापि खारवलेल्या मांसावर विसंबण्याऐवजी नाना प्रकारचे डबाबंद व सुके पदार्थ घेणे आणि संधी मिळेल तेव्हा ताजे मांस खाणे, हे धोरण ठेवण्यात आले. संपूर्ण मोहिमेत स्कर्व्हीचा एकही बळी गेला नाही.

प्रस्थान

फ्रामने २४ जून १८९३ रोजी क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) बंदर सोडले. नान्सेन यांची मुलगी लिव्ह त्या वेळी जेमतेम साडेपाच महिन्यांची होती आणि परतीची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. जहाज जेथे बांधले गेले त्या लार्विकला जाऊन नंतर ते किनाऱ्याकिनाऱ्याने बर्गन, ट्रोंडहाइम व ट्रोम्सो येथे थांबत उत्तरेस गेले. २१ जुलै रोजी त्याने व्हार्डो हे नॉर्वेमधील शेवटचे बंदर सोडले.

जुलैच्या अखेरीस रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरील खाबारोवा या वस्तीत आधीच ठरवून ठेवलेले ३४ कुत्रे जहाजावर घेण्यात आले. कोळसा घेऊन येणाऱ्या जहाजाला उशीर झाल्याने त्याची वाट न पाहता ४ ऑगस्ट रोजी फ्रामने कारा समुद्रात प्रवेश केला. १८ ऑगस्ट रोजी एक अज्ञात बेट दिसले; त्याला स्वेर्द्रुप यांचे नाव देण्यात आले.

तैमिर द्वीपकल्पाजवळ जहाजाला एका विचित्र अडथळ्याचा अनुभव आला. इंजिन पूर्ण जोराने चालू असूनही जहाज जणू कोणी मागे धरून ठेवल्यासारखे रेंगाळत होते. खलाशांना ही घटना ‘मृतजल’ या नावाने परिचित होती. पण तिचे शास्त्रीय स्पष्टीकरण उपलब्ध नव्हते.

१० सप्टेंबर रोजी आशियाच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक असलेले चेल्युस्किन भूशिर मागे पडले. ओलेन्योक नदीच्या मुखाशी आणखी कुत्रे मिळण्याची व्यवस्था होती. परंतु तेथे थांबल्यास किनाऱ्यालगत अडकून एक वर्ष वाया जाण्याचा धोका होता. त्यामुळे तो थांबा रद्द करण्यात आला. जहाज थेट उत्तरेस वळले आणि २२ सप्टेंबर १८९३ रोजी सुमारे ७८°४९′ उत्तर अक्षांशावर एका मोठ्या हिमलादीला बांधण्यात आले. लवकरच इंजिन बंद करून सुकाणू वर घेण्यात आले.

बर्फातील वास्तव्य

९ ऑक्टोबर रोजी बर्फाच्या दाबाचा पहिला मोठा प्रसंग आला. गडगडाटासारखा आवाज करीत हिमलाद्या जहाजाच्या बाजूंवर चढू लागल्या. परंतु जहाज अपेक्षेप्रमाणे वर उचलले गेले. जहाजाच्या रचनेविषयीची शंका त्या दिवसानंतर बरीचशी मावळली.

वहनाविषयीची चिंता मात्र वाढत गेली. पहिल्या काही आठवड्यांत जहाज कधी उत्तरेस तर कधी दक्षिणेस सरकत होते. नोव्हेंबरच्या मध्यास ते बर्फात शिरले त्या अक्षांशाच्याही दक्षिणेस होते. उत्तरेकडील गती जानेवारी १८९४ पासून स्थिर झाली आणि ८०° उत्तर अक्षांश ओलांडण्यास २२ मार्च उजाडला. हाच वेग राहिल्यास अपेक्षेपेक्षा बराच जास्त काळ लागेल आणि वहनाचा मार्ग ध्रुवापासून दूरच राहील, हे नान्सेन यांच्या लक्षात आले.

दैनंदिन काम मात्र नियमाने चालू राहिले. दर चार तासांनी हवामानाच्या नोंदी घेतल्या जात आणि दर दुसऱ्या दिवशी ग्रहताऱ्यांच्या वेधांवरून जहाजाचे स्थान निश्चित केले जाई. याशिवाय पृथ्वीचे चुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश, बर्फाची जाडी, पाण्याचे तापमान व क्षारता यांचीही निरीक्षणे होत असत.

समुद्राच्या खोलीचे मापन हा सर्वांत अनपेक्षित प्रकार ठरला. आर्क्टिक समुद्र उथळ आहे अशा समजुतीने फार लांब तार बरोबर घेतलेली नव्हती. तळ लागेना, तेव्हा जहाजावरील पोलादी दोराचे पेड उलगडून त्यांपासून नवी लांब तार वळण्यात आली. या तारेने ३,३०० मीटरांपासून ३,८०० मीटरांहून अधिक खोली मोजली गेली.

जानेवारी १८९५ च्या प्रारंभी बर्फाचा दाब इतका वाढला की, जहाज सोडण्याची तयारी ठेवून अन्न व साहित्य बर्फावर उतरवण्यात आले. जहाजाने हाही दाब सोसला. त्याच महिन्यात त्याने ८३°२४′ हा तोवरचा सर्वाधिक उत्तर अक्षांशाचा विक्रम मागे टाकला. तो ग्रीली यांच्या मोहिमेच्या नावावर होता.

ध्रुवाच्या दिशेने पायी प्रवास

जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर एका सोबत्यासह कुत्र्यांच्या स्लेजगाड्या घेऊन ध्रुवाकडे जाण्याचे नान्सेन यांनी ठरवले. सोबती म्हणून त्यांनी योहान्सेन यांची निवड केली व जहाजाची सूत्रे स्वेर्द्रुप यांच्याकडे सोपवली. सतत वाहणाऱ्या जहाजाला पुन्हा शोधणे अशक्य होते. त्यामुळे परतताना फ्रांझ जोसेफ लँड या द्वीपसमूहाकडे जाण्याचे ठरले.

सुरुवातीचे दोन प्रयत्न फसल्यानंतर १४ मार्च १८९५ रोजी ८४°४′ उत्तर अक्षांशावरून दोघे निघाले. त्यांच्याबरोबर २८ कुत्रे, तीन स्लेजगाड्या व दोन कयाक होत्या. आरंभीची वाटचाल चांगली झाली. परंतु लवकरच बर्फाचे उंचवटे आडवे येऊ लागले. शिवाय पायाखालचा बर्फच दक्षिणेकडे सरकत असल्याने चाललेल्या अंतराचा काही भाग वाया जात होता. ८ एप्रिल रोजी नान्सेन यांनी परतण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी ते सुमारे ८६°१४′ उत्तर अक्षांशावर होते. तोवर कोणीही माणूस ध्रुवाच्या इतक्या जवळ गेलेला नव्हता.

परतीचा प्रवास अधिक कठीण ठरला. एप्रिलमध्ये दोघांचीही घड्याळे बंद पडली आणि रेखांश अचूक काढणे अशक्य झाले. अन्न पुरवण्यासाठी एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खाऊ घालावा लागला. २४ जुलै रोजी जमीन दृष्टीस पडली. ऑगस्टमध्ये बर्फाच्या कडेला पोहोचल्यावर उरलेले दोन कुत्रेही मारून दोघे कयाकमधून पुढे निघाले. हिवाळा जवळ आल्याने ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी एका बेटावर दगड, शेवाळ व वालरसची कातडी यांपासून अर्धवट जमिनीत खणलेली झोपडी उभारली. हे बेट आज जॅक्सन बेट म्हणून ओळखले जाते. अस्वलाचे मांस व वालरसची चरबी यांवर त्यांनी सुमारे नऊ महिने काढले. त्या काळच्या शिष्टाचारानुसार दोघे एकमेकांना आदरार्थी संबोधनाने हाक मारीत. १८९५ च्या वर्षअखेरीस, एकाच झोपण्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने काढल्यानंतर, त्यांनी ‘अहो-जाहो’ सोडून एकेरी बोलण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते.

१९ मे १८९६ रोजी त्यांनी झोपडी सोडली. वाटेत दोन्ही कयाक वाऱ्याने वाहून जाऊ लागल्या, तेव्हा नान्सेन यांनी गोठत्या पाण्यात उडी घेऊन त्या परत आणल्या. काही दिवसांनी एका वालरसने कयाकला भोक पाडले. तिच्या दुरुस्तीसाठी थांबले असता १७ जून रोजी नान्सेन यांना कुत्र्यांचा आवाज ऐकू आला आणि थोड्याच वेळात ब्रिटिश समन्वेषक फ्रेडरिक जॅक्सन यांची भेट झाली. जॅक्सन यांचा तळ जवळच केप फ्लोरा येथे होता. ‘विंडवर्ड’ या त्यांच्या पुरवठा-जहाजाने दोघे १३ ऑगस्ट रोजी व्हार्डो येथे पोहोचले.

फ्रामची सुटका व पुनरागमन

नान्सेन निघून गेल्यावर फ्राम बर्फाबरोबर पश्चिमेकडे वाहत राहिले. १५ नोव्हेंबर १८९५ रोजी ते ८५°५५′ उत्तर अक्षांशावर होते. नान्सेन पायी जेथवर पोहोचले, त्या अक्षांशापेक्षा हे स्थान केवळ १९ सागरी मैल दक्षिणेस होते. १८९६ च्या उन्हाळ्यात स्वेर्द्रुप यांनी सुरुंग लावून व इंजिन चालवून बर्फातून वाट काढली. १३ ऑगस्ट रोजी, म्हणजे नान्सेन व्हार्डोला पोहोचले त्याच दिवशी, जहाज स्पिट्सबर्गनच्या वायव्येस मोकळ्या समुद्रात आले. मोन यांच्या तर्कानुसार जॅनेटचे अवशेष ज्या समुद्रातून खाली गेले होते, तेथेच फ्राम बाहेर पडले.

२१ ऑगस्ट रोजी ट्रोम्सो येथे सर्व तेरा जण पुन्हा एकत्र आले. ९ सप्टेंबर १८९६ रोजी क्रिस्तियानियात त्यांचे भव्य स्वागत झाले.

वैज्ञानिक फलिते

मोहिमेचे शास्त्रीय निष्कर्ष नान्सेन यांच्या संपादनाखाली १९०० ते १९०६ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतील महत्त्वाच्या बाबी पुढीलप्रमाणे आहेत :

ध्रुवपार वहन : सायबीरियाच्या उत्तरेकडून ग्रीनलँड व स्पिट्सबर्गन यांमधील समुद्राकडे बर्फ वाहत जातो, हे सुमारे ३५ महिन्यांच्या प्रत्यक्ष वहनाने सिद्ध झाले. आज हा प्रवाह ध्रुवपार प्रवाह म्हणून ओळखला जातो.

खोल महासागर : युरेशियाच्या बाजूस ध्रुवाजवळ मोठा भूभाग नसून खोल सागरी द्रोणी आहे, हे स्पष्ट झाले. ही द्रोणी स्पिट्सबर्गन व ग्रीनलँड यांमधील उथळ उंचवट्याने दक्षिणेकडील समुद्रापासून वेगळी झाली असावी, असा तर्क नान्सेन यांनी केला होता. तो मात्र चुकीचा ठरला. तेथील खोल सामुद्रधुनीला आज फ्राम सामुद्रधुनी असे नाव आहे.

उष्ण थर : पृष्ठभागावरील थंड व कमी खाऱ्या पाण्याखाली, सुमारे २०० मीटरांपासून, शून्य अंश सेल्सियसपेक्षा किंचित अधिक तापमानाचा खारा थर आढळला. हे पाणी अटलांटिक महासागरातून येते, हे नान्सेन यांनी ओळखले.

एकमन सर्पिल : बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता तिच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, असे नान्सेन यांना आढळले. पृथ्वीच्या परिवलनाचा हा परिणाम असावा व खालच्या प्रत्येक थरात दिशा आणखी वळत जावी, असे अनुमान त्यांनी केले. स्वीडनचे व्हॅग्न वाल्फ्रिड एकमन यांनी त्याला गणिती रूप दिले. वाऱ्यामुळे निर्माण होणाऱ्या सागरी प्रवाहांच्या अभ्यासाचा हा आजही पाया आहे.

मृतजल : याचेही स्पष्टीकरण एकमन यांनीच दिले. जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर असेल, तर जहाजाची शक्ती त्या दोहोंच्या सीमेवर अदृश्य लाटा निर्माण करण्यात खर्च होते व जहाज मंदावते.

मापनसाधने : खोल पाण्याच्या क्षारतेची फ्रामवरील मोजमापे पुरेशी अचूक नव्हती. यातूनच अधिक चांगल्या साधनांची गरज नान्सेन यांना जाणवली. ठरावीक खोलीवरील पाण्याचा नमुना बंद करून वर आणणारी ‘नान्सेन बाटली’ पुढे जगभर अनेक दशके वापरात राहिली.

टीका

नेत्याने आपली माणसे बर्फात सोडून निघून जावे का, हा प्रश्न मोहिमेनंतरही चर्चेत राहिला. ग्रीली यांनी याबद्दल नान्सेन यांना दोष दिला. याउलट, जहाज सुस्थितीत होते, त्याची सूत्रे अनुभवी कप्तानाकडे होती व अधिक धोका नान्सेन यांनी स्वतःकडे घेतला होता, असे समर्थन केले जाते. जॅक्सन यांची भेट हा योगायोग होता, हे मात्र निर्विवाद आहे. दोघांकडे जहाज पुन्हा गाठण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

मोहिमेचे यश दैवापेक्षा तयारीचे होते, असे मत मांडण्यास जहाजाचा इतिहास पुरेसा आधार देतो. ‘कोणतेही जहाज टिकणार नाही’ या आक्षेपाला फ्रामने तीन हिवाळे काढून उत्तर दिले.

उत्तरकाल

१८९८ ते १९०२ या काळात स्वेर्द्रुप यांनी फ्राममधून कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांचे सर्वेक्षण केले. १९१० ते १९१२ मध्ये रोआल्ड आमुंडसेन यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेसाठी हेच जहाज वापरले गेले. त्या मोहिमेत योहान्सेनही सहभागी होते. ऑस्लो येथील ब्यूग्दोय भागात १९३६ पासून हे जहाज फ्राम संग्रहालयात जतन केलेले आहे. नान्सेन यांनी पुढे निर्वासितांसाठी मोठे कार्य केले व १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले.

बर्फाबरोबर वाहत जाऊन निरीक्षणे करण्याची फ्रामची पद्धत नंतरही अवलंबली गेली. १९३७ मध्ये सोव्हिएत संघाने हिमलादीवर ‘उत्तर ध्रुव–१’ हे वाहते संशोधन केंद्र स्थापन केले. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या नेतृत्वाखालील ‘मोझाइक’ मोहिमेत ‘पोलारश्टेर्न’ हे जहाज २० सप्टेंबर २०१९ रोजी ट्रोम्सोहून निघाले, बर्फाला बांधले गेले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये परतले. आर्क्टिकमधील बर्फ आता फ्रामच्या काळापेक्षा पातळ झाला असल्याने त्या वेळच्या नोंदी तुलनेसाठी मोलाच्या ठरल्या आहेत.

भारतीय संशोधनाशी संबंध

भारताने आर्क्टिकमधील पहिली वैज्ञानिक मोहीम २००७ मध्ये पाठवली. जुलै २००८ मध्ये स्पिट्सबर्गनवरील नी-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या कामाचे संचालन करते. २०१४ मध्ये नी-ओलेसुंदलगतच्या काँग्सफ्योर्डमध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याखालील वेधशाळा बसवण्यात आली. ती पाण्याचे तापमान व क्षारता यांची सातत्याने नोंद करते. अटलांटिकमधून येणाऱ्या ज्या उष्ण पाण्याचा थर नान्सेन यांना बर्फाखाली आढळला होता, त्याच पाण्याचा या फ्योर्डमधील शिरकाव अभ्यासणे हा या कामाचा एक भाग आहे. आर्क्टिकमधील बदलांचा भारतीय मोसमी पावसाशी असलेला संबंध तपासणे हेही भारतीय संशोधनाचे उद्दिष्ट आहे.